सुईआधीचा खोकला

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगते. नाही? बरं, हसा. नाहीतरी या प्रकरणात ऑपरेशन उत्तम झालं, पेशंट ठणठणीत झाला, आणि तोंड लपवायची वेळ आली ती एकट्या माझ्यावर!

तेव्हा मी दिल्लीत भूल द्यायचं शिकत होते. राहायला लक्ष्मीबाई नगरला, मामाकडे. मामा केंद्र सरकारच्या नोकरीत. पहिल्याच दिवशी त्यानं मला बजावलं, "इथे मराठी म्हणजे आपली प्रायव्हेट लाईन, बरं का. कुण्णाला कळत नाही."

आणि खरंच की हो! मामी भाजीवाल्यासमोर उभी राहून बिनधास्त म्हणायची, "भेंडी जून आहे गं, चल पुढे." ऑटोत बसून आम्ही त्याच ऑटोवाल्याच्या ड्रायव्हिंगचा उद्धार करायचो आणि तो बिचारा आरशातून आमच्याकडे बघून हसायचा. वर्षभरात मला या लाईनीची अशी सवय लागली की काही विचारू नका. त्यात हॉस्पिटलात माझ्याहून एक वर्ष सीनियर निघाला नागपूरचा मकरंद. मग काय! पेशंटशी हिंदी, मोठ्या मॅडमशी इंग्रजी, आणि मनातलं सगळं मक्याशी मराठीत.

अशात जबड्याच्या ऑपरेशनसाठी आले खुराना अंकल. पहाडगंजला स्कूलबॅगांचं होलसेलचं दुकान, अंगानं भरदार, मिशा झुबकेदार. जुन्या स्कूटर अपघातात जबड्याचा सांधा जखडून बसलेला. तोंड उघडायचं जेमतेम एक बोट. वर्षानुवर्षं लस्सी, खिचडी आणि कुस्करलेले पराठे. महिन्यावर मुलीचं लग्न आलेलं, आणि या माणसाची एकच इच्छा होती. दातांच्या फटीतून ते म्हणाले, "बेटा, बस एक लड्डू. पूरा. एक बार में."

आता अडचण बघा. एरवी आम्ही पेशंटला झोपवतो आणि तोंडातून श्वासाची नळी घालतो. इथे तोंडच बंद. आधी झोपवलं आणि मग नळी गेलीच नाही तर? श्वास थांबायचा! म्हणून पेशंट टक्क जागा असताना घसा बधीर करायचा आणि बारीक दुर्बिणीवरून नळी नाकातून सरकवायची. पेशंटनं घाबरून हिसका दिला की सगळं फिसकटलं. दोन ठिकाणी अंकलना असंच ऐन वेळी परत पाठवलं होतं. आमच्याकडे हुकलं असतं तर लग्नाआधी दुसरी तारीख मिळणार नव्हती.

मॅडम म्हणाल्या, "या वेळी तू करायचं. मकरंद नुसता शेजारी उभा राहील." माझा पहिलाच! मॅडम बाकी कशालाही माफ करायच्या, पण पेशंटशी खोटं बोललेलं त्यांना अजिबात खपत नसे.

आदल्या दिवशी अंकलनी विचारलं, "बेटा, पहले किया है ना?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे अंकलजी, सैकड़ों!"

शेकडो! पाच म्हटलं असतं तरी चाललं असतं की नाही? पण नाही.

सकाळी टेबलावर अंकल अर्धवट बसलेले, डोळे उघडे. नाकात औषधाचे थेंब घातले. त्यांना अगदी गोड आवाजात सांगितलं, "अंकलजी, अब बोलना नहीं। बिल्कुल चुप।" तसे ते गप्प झाले. मी सिरिंज उचलली आणि लगेच प्रायव्हेट लाईन चालू केली.

"मक्या, हात थरथरतोय रे माझा."

तेवढ्यात अंकलनी हात पुढे करून माझं मनगट हळूच थोपटलं. मला भरून आलं. मी म्हटलं, "घबराइए मत अंकलजी, कुछ नहीं होगा." त्यांनी मान डोलावली.

गळ्यात वरच्या बाजूला घोड्याच्या नालेसारखं एक हाड असतं. त्याच्या दोन्ही टोकांशी एकेक सुई दिली की घशाचा वरचा भाग बधीर होतो. पुस्तकात ते हाड किती स्वच्छ दिसतं! इथे मी बोटांनी चाचपतेय, चाचपतेय, पत्ता नाही.

"हाड कुठेय रे? सगळं लोणी गळ्यातच साठवलंय यांनी. तोंड उघडत नाही तरी माणूस एवढा जाड कसा?"

"लस्सी!" मकरंद म्हणाला. "लस्सीला तोंड कुठं उघडावं लागते?"

अंकलचं पोट गदागदा हलायला लागलं. डोळ्यांतून पाणी! मी घाईघाईनं सिस्टरना हाक मारली, "सिस्टर, ब्लँकेट लाइए, पेशंट को ठंड लग रही है!" सिस्टरनी एक नाही, दोन ब्लँकेटं घातली.

"यांनी मान जरा उजवीकडे वळवली तर सापडेल," मी मकरंदला म्हटलं. हिंदीत सांगायला तोंड उघडते तोवर अंकलनी मान वळवलेली.

"बघ," मी म्हटलं, "किती समजूतदार पेशंट आहे! न सांगता कळतं."

खरंच, न सांगता कसं काय कळतं, असा प्रश्न तुमच्या डोक्यात आला ना आत्ता? माझ्या नाही आला.

दोन्ही सुया झाल्या. मकरंदनं डिवचलं, "काऊन गं, तू यांना शेकडो केले म्हणून सांगितलं?"

"मग काय सांगू? माझा पहिलाच आहे म्हणून? उठून पहाडगंजला पळाले असते ब्लँकेटसकट!"

अंकलनी हळूच एक बोट वर केलं. तर्जनी, सरळ छताकडे.

"देवाचं नाव घेतायत," मी हळव्या आवाजात म्हटलं. "किती श्रद्धाळू आहेत रे."

आता शेवटची सुई. कंठमण्याच्या खाली एक मऊ खाच असते, तिथून थेट श्वासनलिकेत औषध सोडायचं. ते आत पडलं की पेशंट खोकतो, आणि त्या खोकल्यानंच औषध सगळीकडे पसरतं.

"मक्या, खोकला आला म्हणजे जमलं ना? अंकल, खोका हो बाबा एकदाचे. माझी लाज राखा!"

"खॉक्! खॉक्!" अंकल खोकले.

"आला! आला खोकला! बघ, औषध किती झटकन लागू पडलं!"

मकरंद शांतपणे म्हणाला, "औषध अजून तुझ्या हातातल्या सिरिंजमधेच आहे."

मी हाताकडे बघितलं. खरंच होतं. पण माणूस एकदा गाढवपणा करायला लागला की त्याला कारणंही सापडतात हो! मी म्हटलं, "नाकातल्या थेंबांमुळे असेल." आणि दिली सुई. सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा दिसला, म्हणजे सुई श्वासनलिकेत पोचली, औषध सोडलं, आणि या वेळचा खोकला शंभर टक्के अस्सल होता.

मग दुर्बीण नाकातून आत गेली. पडद्यावर स्वरयंत्राची ती पांढरी कमान दिसली, हलणारी, जिवंत. अंकल मात्र एवढेसेही हलले नाहीत. नळी अलगद आत सरकली, मशीनवर त्यांचा श्वास दिसायला लागला.

"जमलं रे मक्या, जमलं!" मी ओरडले. झोपेचं औषध द्यायच्या आधी अंकलनी ब्लँकेटखालून दोन टाळ्या वाजवल्या. मला इतका आनंद झाला की त्याचंही मला काही नवल वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडमबरोबर वॉर्डात राऊंड. अंकल पलंगावर बसलेले, तोंड चांगलं तीन बोटं उघडतंय! मॅडमनी विचारलं, "कैसे हैं खुराना जी?"

"बढ़िया, मैडम." मग माझ्याकडे वळून, घोगऱ्या पण अगदी शाळेतल्या बाईंसारख्या शुद्ध मराठीत म्हणाले, "या मॅडमना मराठी येत नाही ना?"

मी आधी मॅडमकडे बघितलं, मग मकरंदकडे.

"आमच्या दुकानाला सगळ्यात जवळची शाळा मराठी होती, बेटा. वडिलांनी तिथेच घातलं. आठवीपर्यंत मराठीतच शिकलो. काल तुमचा हात थरथरत होता, आणि मला तर तुम्हीच बोलू नका म्हणाला होतात. म्हटलं, आपण बोललो तर या मुलीच्या हातून सिरिंजच पडेल. म्हणून जमेल तेवढी मदत केली. पण खोकला जरा लवकर झाला, माफ करा."

मकरंद खिडकीबाहेर बघत होता, खांदे गदागदा हलत होते त्याचे. त्याला ब्लँकेट द्यायला हवं होतं.

"क्या कह रहे हैं?" मॅडमनी विचारलं.

"कह रहे हैं... दर्द नहीं है," मी पुटपुटले. अंकलनी मोठ्या मनानं मान डोलावली. मामाची प्रायव्हेट लाईन शेवटी माझ्याच कामी आली, फक्त ती चालवत होते खुराना अंकल! खरं सांगते, त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं मला. घाबरायचं त्यांनी, आणि सांभाळून घेतलं त्यांनी मला.

महिन्याभरानं अंकल लग्नाच्या लाडवांचा डबा घेऊन आले. एक अख्खा लाडू त्यांनी माझ्यासमोर, एका घासात खाऊन दाखवला. मीही लगेच एक तोंडात कोंबला.

तेव्हापासून मी शहाणी झाले. पुढच्या पेशंटला मॅडमच्या समोरच आधी विचारून घेतलं, "मराठी आती है आपको?"

"ना जी, बिल्कुल नहीं," तो म्हणाला. मी सुटकेचा निःश्वास सोडला, मकरंदकडे वळून तोंड उघडणार, तोच तो पुढे म्हणाला, "हम तो पहाड़गंज में खुराना साहब के पड़ोसी हैं जी. उन्होंने बस इतना पूछने को कहा है... डॉक्टरसाहिबा, सैकड़ों में से अब तक कितने हो गए?"