बोंबलांची लग्नं

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते बोंबील वाळत घालायचं. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी बांबूवर टांगायची. एकटा बोंबील टिकत नाही, घसरतो. अर्नाळ्यात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

पण तेव्हा मुंबईहून एक बाई यायची, आम्हा कोळ्यांचा अभ्यास करायला. तिनं माझ्या बायकोला विचारलं, "आजी, जोडीनंच का?" बायको तोंड अगदी गंभीर ठेवून म्हणाली, "लगीन लावतो त्यांचं. बिनलग्नाचा बोंबील आमी सुकवत नाय."

बाईनं ते पेपरवाल्याला सांगितलं. त्यानं आमच्या बांबूंचा फोटो छापला, वर मथळा: 'माशांची लग्नं लावणारी भोळी माणसं'.

झालं! रविवारी जवळच्या एव्हरशाईन सिटीतल्या टॉवरांतली माणसं पोराबाळांसकट गाड्या करून आली, मुहूर्त कधीचा विचारत. मागोमाग आमच्या जमातीचा पाटील दारात. "आमची पोरं कामाला जातात तिथं लोक त्यांच्याकडं अक्षता मागतात. बाई आली का खरं सांगा, आन् पेपरात छापून आना." मी शब्द दिला.

म्हणून त्या दिवशी टांगता टांगता मी बायकोवर ओरडलो, "उद्या बाई येनार. तूच सांगायचं!"

"सांगते वो. करवली आनायची राहिली, तेवडं पन सांगते."

टोपलीत एक बोंबील उरला. "हा तुमाला रातच्याला तळते," म्हणाली आणि आत गेली. चुलीपाशी बसली ती उठलीच नाही. संध्याकाळी तिला स्मशानात पोचवून आलो. बोंबील टोपलीतच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई हजर. तिला काहीच ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "बाई, लगीनबिगीन काय नाय. जोडी केली का माल पडत नाय. म्हातारीनं तुमची फिरकी घेतली."

बाई हसली. "आजोबा, लाजू नका. परंपरा लपवायची नसते."

"अहो, खरं सांगतो!"

"आजी कुठे आहेत? त्यांनाच विचारते."

मी टोपलीतला बोंबील उचलला. वास मारायला लागला होता.

"हा एकटाच कसा?" बाईनं विचारलं.

"ह्याची बायको गेली. काल."

हे मात्र तिला लगेच पटलं. लिहूनही घेतलं.

मी बांबूपाशी गेलो. टांगला, घसरला. परत टांगला, परत घसरला. शेवटी म्हातारीनं आदल्या दिवशी लावलेल्या एका जोडीतच त्याचा जबडा घुसवला.

बाई हळूच म्हणाली, "हे दुसरं लग्न का?"

"नाय हो बाई," मी म्हटलं. "फेकवत नाय, एवढंच."