मखमली कोटाची अग्निपरीक्षा

मी मुलगी पाहायला उमरेडला गेलो, तेव्हा मुलीच्या काकाने मला पेटवलं.

आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हातमाग. कापडाला बोट लावून त्याचं कुळ सांगणारी माणसं! (निदान तसा तोरा तरी होता.) लग्नासाठी दोन ठिकाणांहून मला नकार आलेला, तिसराही आला असता, तर आईने माझी आशाच सोडली असती. म्हणून यंदा छाप पाडायला मी सीताबर्डीच्या बाजारातून जांभळ्या मखमलीचा कोट शिवून आणला. मखमल कसली, वेलवेटीन! साध्या सुतावर लव काढून आणलेलं मखमलीचं सोंग. पण आमच्या दिवट्या खानदानात मखमल कुणी कधी विणलीच नव्हती. बाबांनी बाही गालाला लावली, डोळे मिटले आणि निकाल दिला, "अस्सल रेशीम!"

भर मे महिन्यात तो कोट घालून मी बाबांबरोबर एसटीने गेलो. उमरेड येईपर्यंत आत पुरता शिजलो होतो.

मुलीचे काकाही विणकरच. माझ्या नोकरीचं, शिक्षणाचं एका अक्षराने विचारलं नाही. थेट बाही धरली.

"काहून गा, हे तं सूत आहे!"

बाबा उसळले. "सूत? डोळे फुटले का तुमचे? रेशीम आहे रेशीम!"

"मंग जाळून पाहू! सुताचा कागदावानी वास येते, रेशमाचा केसावानी."

"जाळा! आत्ताच्या आत्ता जाळा!"

(कोटात मी आहे, याची आठवण दोघांपैकी एकालाही झाली नाही.)

काका धागा ओढू लागले, तर हातात नुसता लवेचा भुसा. मग त्यांनी वैतागून काडी थेट बाहीलाच लावली. सुताची लव ती! भर्रकन कोपरापर्यंत पेटली. मी लस टोचून घ्यायला बसल्यासारखा हात पुढे करून बसलो होतो.

"कागदाचा वास! सूतच!" काका ओरडले.

"केसाचा वास येऊन राहिला! रेशीमच!" बाबा त्याहून मोठ्याने ओरडले. (केसाचा वास खरा होता. मनगटावरचे केस माझे होते!)

तेवढ्यात मुलगी पन्ह्याने भरलेला गंज घेऊन बाहेर आली. तिने अख्खा गंज माझ्या अंगावर रिकामा केला. आग विझली आणि मी गुळाच्या पाण्याने निथळू लागलो.

मुलीच्या बाबांनी कपाळाला हात लावला. "आता काय विचारू वं तुले?"

"मले पसंत आहेत," मुलगी म्हणाली. "बाही पेटली तरी माणूस जागचा हलला नाही! असा थंड डोक्याचा माणूस कुठी भेटते?"

सगळे माझ्याकडे आदराने पाहू लागले. डोकं कसलं थंड! भीतीने पाय असे गळाले होते की होकार घेऊन बाबा निघाले, तरी मी खुर्चीतच. शेवटी बाबांनी आणि काकांनी दोन्हीकडून काखेत हात घालून हा शूर नवरदेव एसटीत नेऊन बसवला!