तीन कोटेशनं

राजेंद्र शेटे कारखान्यात स्टोअर्सला होते. त्यांच्या सहीशिवाय तिथं साधा नटबोल्टही आत येत नसे. निवृत्त होऊन ते वराळ्याच्या सोसायटीत राहायला आले, तेव्हा मात्र त्यांची सही मागणारा कुरियरवाल्याखेरीज कुणी उरला नाही. हे त्यांच्या मनाला फार लागलं.

सोसायटीचे अध्यक्ष आदिनाथराव मोकळ्या हाताचे. मनात आलं की फोन करायचे, माल दारात यायचा. असंच एकदा बागेत कारंजं आलं, आणि तिथवर नळच नाही हे ते बसवल्यावर कळलं. वार्षिक सभेत त्यावरून रण माजलं, तेव्हा राजेंद्र उठले. यापुढे पर्चेस ऑर्डर निघाल्याशिवाय काही घ्यायचं नाही. आधी तीन ठिकाणची कोटेशनं, मग लेखी ऑर्डर, असं त्यांनी ठणकावलं. सभासदांना जेवणाची घाई होती. राजेंद्र एकमताने सेक्रेटरी झाले.

त्यांचा चेहराच बदलला. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. झाडू घ्यायचे तरी तळेगावात तीन दुकानं पालथी घालायचे. एका दुकानदाराने झाडूचं कोटेशन कॅलेंडरच्या पाठीवर लिहून दिलं; तेही त्यांनी फाइलला लावलं.

मग ऐन मे महिन्यात पाण्याची मोटर जळाली. गावातला ओंकार मेकॅनिक लगेच आला. मोटरची जळालेली तार नव्याने भरून संध्याकाळपर्यंत बसवतो म्हणाला. राजेंद्रांनी त्याला थांबवलं आणि आणखी दोघांना फोन लावले. उर्स्याचा मेकॅनिक सोमवारी बघू म्हणाला. लोणावळ्याचा बंगलेवाल्यांच्या कामात अडकला होता. कोटेशन हा शब्द ऐकून त्याने फोनच ठेवला. तोवर टाकी रिकामी झाली. टँकर मागवावा, तर त्यालाही ऑर्डर हवी. लोक बादल्या घेऊन खाली उभे राहिले. आदिनाथराव कोरड्या कारंज्यापाशी बसून मिशीत हसत होते.

शेवटी राजेंद्रांच्या पत्नी, माधवीताई, खाली आल्या. नवऱ्याला ओलांडून त्या थेट मेकॅनिककडे गेल्या. ओंकारला म्हणाल्या, "यांना तीन कागद लागतात रे. तूच बघ आता काय ते."

"एवढंच व्हय, मावशी? आनतो की," म्हणून ओंकारने गाडीला किक मारली.

तो परतला तो तीन कोटेशनं घेऊनच. एक त्याचं, एक चुलत्याचं, एक मेव्हण्याचं. सर्वांत कमी भाव अर्थातच ओंकारचा. राजेंद्रांनी चष्मा पुसून कागद शेजारी शेजारी ठेवले. तिन्हींचं अक्षर एकच होतं. 'रिवायंडिंग' तिन्हींत एकाच तऱ्हेने चुकलेलं. कारखान्यातही किती कागद असेच एका हातचे आले असतील, असं त्यांच्या मनात आलं. वर गॅलरीतून बायका बघत होत्या.

"शाई तरी वेगळी वापरायचीस," ते हळूच म्हणाले आणि सही केली.

दिवेलागणीला नळांना पाणी आलं.

पुढे ऑडिटरने फाइल चाळून सेक्रेटरींचं कौतुक केलं. आता सोसायटीत कुठलीच खरेदी अडत नाही. ओंकार मोटरसोबत झाडू, बल्ब, सतरंज्या, सगळ्यांची कोटेशनं पुरवतो, तीही निरनिराळ्या शाईत. राजेंद्र रोज सकाळी आंघोळ उरकून सह्या करायला बसतात, आणि दोन सह्यांच्या मधे माधवीताईंकडे चहा मागतात.