बिनठप्प्याचं अटेस्टेशन

अशरफ परकारचा कुवेतमधला सगळा संसार एका शब्दावर उभा होता: अटेस्टेशन. जाब्रियातल्या एका खाजगी दवाखान्याचा तो मंदूब, म्हणजे सरकारी कचेऱ्यांत कागद घेऊन धावणारा माणूस. नर्सची डिग्री असो की कुणाचा जन्मदाखला, आधी वकिलातीचा ठप्पा, मग परराष्ट्र खात्याचा. स्वतःच्या निकाहनाम्यावर त्यानं इतके ठप्पे घेतले होते की त्याची बायको रहिमा म्हणायची, काजीसाहेबांना दाखवला तर त्यांना स्वतःची सही सापडायची नाही. ठप्प्याशिवाय या मुलखात बायकोसुद्धा आपली नसते, हे अशरफचं ठाम मत. आणि कुवेतात चार वर्षं काढलेला कुणीही त्याला खोटं म्हणणार नाही.

अशा पक्क्या माणसाची मती गुंग केली ती डॉक्टर मुक्तानं. शुऐब्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या जयप्रकाश इंजिनियरांची ही मुलगी. कुवेतातच मंगफला वाढली, अमेरिकेत शिकली. नावापुढे एम.डी. नाही, डी.ओ., म्हणजे ऑस्टिओपॅथिक डॉक्टर. इतर डॉक्टरांसारखी औषधं देते, आणि वर हातानं पाठ-मान मोकळी करते. अशरफनं तिला हाडवैद्य ठरवून टाकलं. तिनं दोनदा समजावलं, मग नाद सोडला.

पण तिचे शब्द! तिच्या अमेरिकेतल्या बोर्डाचं प्रमाणपत्र टिकवायचं तर शिकत राहावं लागतं, आणि त्याच प्रमाणपत्राकडे बघून निम्मे पेशंट येत होते, हे अशरफलाही ठाऊक होतं. पुढचं मात्र सगळं धुकं. शिकलेल्या तासाला म्हणे क्रेडिट. अशरफला वाटलं, पोरीनं बँकेची उचल घेतलीय. ठरलेल्या मुदतीला सायकल. 'माझी सायकल संपत आलीय' असं ती म्हणाली तेव्हा हा भाबडा माणूस जिन्याखाली बघून आला. क्रेडिटच्या परत जाती: वन-ए, वन-बी, टू-ए. हे मात्र आपल्याला समजलं असं त्याला वाटलं. व्हिसा नाही का, अठरा नंबर नोकरीवाल्याचा, बावीस नंबर बायकापोरांचा, तसंच काहीतरी असणार. झालं! अर्धवट समजलं की माणूस जास्तच हुशार होतो.

एका सकाळी मुक्ता घाईत पेशंटकडे जाता जाता त्याला म्हणाली की ऑनलाइन वर्गाचा कागद आलाय, आता फक्त अटेस्टेशन राहिलंय, आणि आज ते झालं नाही तर प्रमाणपत्र गेलं. अशरफच्या अंगात वीज संचारली. इतक्या दिवसांनी त्याच्या ओळखीचा शब्द! तिला विचारायची गरजच काय? टेबलावरचा कागद उचलला आणि निघाला.

पहिल्या खिडकीवर विचारलं, यावर कुणाची सही आहे? कुणाचीच नव्हती. दुसऱ्या खिडकीवरच्या माणसानं कागद उलटासुलटा केला आणि हे काय आहे म्हणून विचारलं. अशरफनं ऐटीत सांगितलं, वन-ए आहे. असा काही व्हिसा नसतो, असं म्हणून त्यानं कागद परत सरकवला. उन्हात गाडी तापलेली, पाठीत पुन्हा बारीक कळ, आणि मुदत आजची. पोरीचं प्रमाणपत्र आपल्या हातून जाणार या भीतीनं अशरफला रडू यायचं तेवढं बाकी होतं. कचेऱ्या बंद झाल्या तसा तो तोंड पाडून परत आला आणि सगळं सांगून मोकळा झाला.

मुक्ता आधी हसली. तिला कागदाची गरजच नव्हती; तोच कागद तिच्यासमोर संगणकावर उघडा होता. अटेस्टेशन म्हणजे आपण किती वेळ खरंच शिकायला बसलो ते स्वतःच सांगायचं, बस्स. अशरफचा विश्वास बसेना. ठप्पा कुणाचा? कुणाचाच नाही. साक्षीदार? तोही नाही. मग दिवसभर या डॉक्टरनं संगणकावरची तासांची ती एकच चौकट रिकामी का ठेवली होती, ते त्याला काही कळेना.

वर्ग आठ तासांचा होता, तिनं सांगितलं. ती बसली सहा. आणि लागत होते बरोबर आठ.

मग दोन तास कुठे गेले, असं विचारता विचारताच अशरफला वर्गाचा तो दिवस आठवला. त्या दिवशी कूलरवर पाण्याची मोठी बाटली चढवताना त्याची पाठ धरली होती आणि तो स्टोअरच्या फरशीवर गुरासारखा ओरडत पडला होता. मुक्ता वर्ग अर्धवट टाकून आली होती. पायांत मुंग्या येतात का बघत, हळूहळू पाठ सोडवत, तो चालायला लागेपर्यंत ती उठली नव्हती.

त्या तासांचं चित्रण मिळेल की, बघून टाक, तो म्हणाला. ते बघितलं तर वन-बीत धरतात, तिनं सांगितलं, आणि कमी पडतंय ते वन-ए, म्हणजे शिकवणारा थेट शिकवत असताना हजर राहून केलेलं.

"मग आठ लिही, बाय. कोण बघतंय?"

"कोणी बघत नाही चाचा, म्हणूनच. मी लिहीन तेच खरं धरणार ते."

आणि तिनं सहा लिहिलं.

अशरफला धड राग येईना, धड लाज वाटेना. ठप्पे मारलेले खोटे दाखले त्यानं पाहिले होते. ठप्पा नसताना कुणी खरं लिहितं आणि वर नुकसान सोसतं, हे त्याच्या कुठल्याच खिडकीत बसत नव्हतं. घरी तो नीट जेवला नाही. रहिमानं कारण विचारलं तर म्हणाला, पाठ दुखतेय.

पुढच्या आठवड्यात प्रमाणपत्र खंडित झालं. कमी पडलेले तास भरेपर्यंत दारावरची 'अमेरिकन बोर्ड प्रमाणित' ही पाटी काढायला मालकानं अशरफला सांगितलं. स्टूल मांडून तो चढला. पेचकस फिरेना. पाटी काढताहेत हे बघून खाली दोन पेशंट आपसात कुजबुजले आणि एक निघून गेला.

मुक्ता बाहेर आली. तिची नजर पाटीकडे गेलीच नाही.

"चाचा, या पाठीनं स्टुलावर? उतरा आधी."

दंडाला धरून तिनं त्याला खाली उतरवलं, पेचकस काढून घेतला आणि स्वतः वर चढली.