भावजयीच्या हातचे फुगे

आमच्या घरात ईस्टर म्हणजे फुगे. रबराचे नव्हेत, खायचे. मैदा, अंडी, नारळाचं दूध, किंचित साखर, आणि पीठ आंबवायला पूर्वी वसईहून आणलेली ताडी, आता दुकानातलं यीस्ट. फुगून आलेलं सैल पीठ मुठीत घ्यायचं. मूठ आवळली की अंगठा आणि बोटाच्या मधून एक गोळा वर येतो, तो उचलून तेलात सोडायचा. जमलं तर लिंबाएवढा गोल चेंडू होतो आणि कढईत आपणहून कूस बदलतो. नाही जमलं तर त्याला शेपट्या फुटतात. माझ्या फुग्यांना शेपट्या फुटतात.

वडलांना न्हावा शेवा बंदरात एका क्लिअरिंग एजंटकडे नोकरी लागली म्हणून आम्ही वसई सोडून कोपरखैरण्याला आलो. मी शाळेत होते, भाऊ माझ्याहून बराच लहान. नव्या बिल्डिंगमध्ये ख्रिस्ती घर आमचं एकच. गुड फ्रायडेला आई दिवसभर गप्प असायची आणि शनिवारी दुपारी एकदम कामाला लागायची. एका शेगडीवर फुग्यांची कढई, दुसरीवर व्हिनेगर घातलेलं डुकराचं मटण, ज्याला आम्ही इंद्याल म्हणतो. रविवारी सकाळी चर्चहून आलं की फुग्यांची ताटं झाकून मी जिन्याने खालीवर फिरायचे. शेजारच्या काकू विचारायच्या, "ही तुमची दिवाळी का गं?" मी हो म्हणून टाकायचे.

कढईपाशी मात्र मला कधी जागा मिळाली नाही. मी जवळ गेले की आई म्हणायची, "इथे गर्दी नको. जा, पुस्तक घेऊन बस. हे काय, केव्हाही शिकशील." मी पुस्तक घेऊन बसले. शिकले, वाशीला बँकेत लागले, लग्न होऊन नेरूळला गेले. दर ईस्टरला माहेरी येऊन आयते फुगे खात होते. हे केव्हाही शिकता येईल असं मलाही वाटत होतं.

वडील गेले त्यानंतर दोनेक वर्षांनी भावाने लग्न ठरवलं. तोही बंदराच्याच कामात होता. मुलगी त्याच्या ऑफिसमधली, जासईची, आगरी, हिंदू. आईने आठवडाभर त्याच्याशी बोलणं टाकलं. मी मध्यस्थी केली, आईला समजावलं, लग्नात सगळ्यांत पुढे मीच होते. मनात मात्र एक हिशोब होता. ही मुलगी कितीही चांगली असली तरी ईस्टर तिचा नाही. आईनंतर घरातला ईस्टर माझ्याकडे येणार. त्या विचाराने मला इतकं बरं वाटत होतं की भावजयीशी प्रेमाने वागणं मुळीच जड गेलं नाही.

तिच्या पहिल्या ईस्टरला मी नवरा आणि लेकीला घेऊन पोचले, तर स्वयंपाकघरात एक भलामोठा मासा परातीबाहेर शेपूट काढून पडला होता. जिताडा. तिच्या वडलांनी गावच्या तळ्यातून सकाळीच काढून पाठवला होता.

"ताई, आमच्याकडं मानसाला मान द्यायचा तर जिताडा देतात," ती म्हणाली. "तुमचा एवढा मोठा सन हाय, म्हनून बाबांनी पाठवला."

मी म्हटलं, "अगं, पण ईस्टरला आमच्यात मासे नसतात. उपासाच्या काळात तेच तर खातो. ईस्टरला मटण."

आई शेगडीपाशी होती. ती न वळता म्हणाली, "असू दे गं. एवढ्या प्रेमाने पाठवलाय."

त्या दिवशी आईने जिताड्याचं कालवण दोनदा वाढून घेतलं. वसईची बाई ती, मासा बघितला की तिचा राग कुठल्या कुठे जायचा. सुनेच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "किती वर्षांनी असा मासा खाल्ला." माझ्या घशात तेव्हा काटा अडकला नव्हता, पण मी पाणी मागून घेतलं.

पुढच्या वर्षी जिताडा आला, त्याच्या पुढच्या वर्षीही आला. भावजयीकडची माणसं जेवायला येऊ लागली. ती डुक्कर खात नाहीत, म्हणून इंद्याल आधी छोट्या भांड्यात झालं आणि मग बंदच झालं. कोणी बंद करा असं म्हणालं नाही. एका ईस्टरला ते नव्हतं, आणि ते नाही हे फक्त माझ्या लक्षात आलं. भावाला विचारलं तर म्हणाला, "अरे हो की! टेन्शन कशाला घेतेस, जिताडा आहे ना." माझी लेक आठवडाभर आधीपासून विचारायची, "मामीकडे कधी जायचं?" आजीकडे म्हणायची तिची सवय कधी सुटली, ते मला कळलं नाही. मामी तिच्यासाठी उकडलेल्या अंड्यांवर रंगीत चेहरे काढून ठेवायची. मी बँकेतून येताना चॉकलेटची महागडी अंडी घेऊन जायचे. ती फ्रीजमध्ये पडून राहायची.

मग आईच्या हातांना संधिवात जडला. बोटं सकाळी उघडायची नाहीत. तिला यंदा मूठ आवळता येणार नाही हे मला फोनवरच कळलं. मी शनिवारची रजा टाकली. कोणाला सांगितलं नाही. डोक्यात सगळं ठरलं होतं, आई स्टुलावर बसेल, मी कढईपाशी उभी राहीन, ती सांगत जाईल.

दुपारी दार भावाने उघडलं. आतून तळणाचा वास येत होता. आई स्टुलावरच बसली होती, मी ठरवलं होतं तिथेच. तिने आपला वाकडा झालेला पंजा भावजयीच्या मुठीवर ठेवला होता आणि म्हणत होती, "एवढी घट्ट नको. हां, आता. आता सोड." गोळा सुटला, तेलात पडला आणि स्वतःहून उलटला. दोघी लहान मुलींसारख्या हसल्या.

"अरे वा, तू आज कशी?" आईने मला पाहून विचारलं. तिला खरोखर आनंद झाला होता. त्याचाच मला जास्त राग आला.

"मदतीला आले होते."

"मदत कसली, झालंच की. ही गेल्या महिन्यापासून शिकतेय माझ्याकडे. तू बस, पंख्याखाली बस. चहा घे."

भावजय म्हणाली, "ताई, तुमी पन करून बघा ना." आणि बाजूला झाली.

मी केले चार-पाच. सगळ्यांना शेपट्या. आई बघत होती, पण तिने माझी मूठ धरली नाही. म्हणाली, "राहू दे गं, तुझं काय ते काम आहे का! दिवसभर बँकेत डोकं चालवतेस." यात कौतुक होतं, मला माहीत आहे. मला त्या क्षणी ते कौतुक नको होतं. मला माझ्या हातावर तो वाकडा पंजा हवा होता. मी चहा घेतला, आणि घरी जाताना रिक्षात नवऱ्याला फोन करून म्हटलं, पुढचा ईस्टर आपल्याकडे.

तो झालाही. मी नेरूळच्या घरी सगळ्यांना बोलावलं. नवे पडदे, पांढरी फुलं, बेकरीतून सशाच्या आकाराचा केक. इंद्याल मी स्वतः केलं, फोनवर व्हिडिओ बघून. फुगे चार वेळा करून पाहिले आणि शेवटी वांद्र्याच्या एका बाईंकडून मागवले. सगळे आले, सगळ्यांनी छान म्हटलं. भावजयीच्या माणसांसाठी वेगळं चिकन होतं, त्यांनी ते संकोचून खाल्लं. आईने एक फुगा मोडून बघितला, नाकाशी नेला आणि ताटात ठेवला. मग सहज म्हणाली, "आज जिताडा नाही का गं?"

भावजय पटकन म्हणाली, "आई, इंद्याल बघा ना, किती झकास झालंय." तिने तर ते चाखलंही नव्हतं. तिने माझी बाजू घेतली हे मला आईच्या प्रश्नापेक्षा जास्त लागलं. त्याच्या पुढच्या वर्षी ईस्टर परत कोपरखैरण्याला गेला आणि मी अडवलं नाही.

गेल्या वर्षी हिवाळ्यात जासईचं ते तळं बुजवलं. गावाच्या त्या बाजूला कंटेनर यार्ड वाढत चाललंय, तळ्याची जागा त्यात गेली. भावाने हे फोनवर सांगितलं तेव्हा मी "अरेरे" म्हटलं आणि फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात जाऊन गुणगुणायला लागले. माझं मलाच ऐकू आलं तेव्हा थांबले.

ईस्टरच्या आधी मी कोपरखैरण्याला गेले ते मनात बेत घेऊनच. म्हटलं, "यंदा मासा नाही, तर आपलं जुनं जेवण करू. मी शनिवारी येते."

भावजय भाजी निवडत होती. ती आईकडे बघून म्हणाली, "आई, मग यंदा मी जत्रेला जाऊ का?"

"कसली जत्रा?" मी विचारलं.

"गावदेवीची. आमची जत्रा चैत्रात, पुनवेच्या मागंपुढं. तुमचा ईस्टर पन पुनवेवरच ठरतो ना? बऱ्याच वेळा एकाच टायमाला येतात. लग्न झाल्यापासून मी पालखी बघितलीच नाय."

"मग कधी बोलली नाहीस?"

"कसं बोलनार, ताई? घरचा सन हाय. सगळी येनार, सून नाय असं कसं चालेल?" मग भाजीच्या जुड्या सारख्या करत म्हणाली, "तुमचं बरं हाय. सन आला की तुमी माहेरी येता. माझा सन आला की मी इथं. तुमी दारातून आत येता तेवा मला जाम जळायला होतं. खरं सांगते."

ती हसत होती, पण थट्टेत नव्हती. इतकी वर्षं मी त्या दारातून आत येताना काय काय घेऊन येत होते, ते मला माहीत होतं. तिच्याकडे काय असेल, याचा मी विचारच केला नव्हता.

आई म्हणाली, "जा तू. शनिवारीच जा. इथलं ही बघेल."

म्हणजे मी. मला हवं होतं ते सगळं मला मिळालं. शनिवारी कढई माझी, स्वयंपाकघर माझं, आई स्टुलावर. मी पीठ आंबवलं. इंद्याल लावलं. आई दर थोड्या वेळाने म्हणत होती, "ती पोचली असेल ना? फोन केला का तिने?" मग म्हणाली, "मीठ ती आधी घालते." मग म्हणाली, "ती एवढं तेल नाही घेत."

शेवटी मी कालथा आपटला. "आई, मी आहे ना इथे!"

आई चमकली. माझ्याकडे वळून म्हणाली, "अगं, तू आहेसच. तुझी मला कधी काळजी नव्हती." मग म्हणाली, "ती नवीन होती. तिला काहीतरी द्यायला हवं होतं. दुसरं काय होतं माझ्याकडे?"

मी म्हटलं, "मलाही दे." माझा आवाज मला आवडला नाही.

तिने हात पुढे केला. तिची बोटं आता आणखी आखडली होती, माझ्या मुठीवर ती नीट बसेनात. घसरत होती. एकदोन फुगे बरे झाले, बाकीच्यांना शेपट्या. आई म्हणाली, "चव तीच आहे." मला ते खोटं वाटलं, तरी मी ते ठेवून घेतलं.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर भावजयीचा फोन आला. तिच्या आईचं म्हणणं होतं, संध्याकाळी सगळ्यांनी जासईला यायचं, पालखी निघायच्या आधी. आई आदल्या दिवसापासून जणू त्याचीच वाट बघत होती. उरलेले फुगे डब्यात भरून आम्ही निघालो. यार्डाच्या भिंतीला लागून रस्ता जातो, आत एकावर एक रचलेले कंटेनर. त्यापलीकडे गाव, दिव्यांच्या माळा, ढोल.

भावजय दारातच होती. हिरवी साडी, केसात अबोली. इतकी मोकळी मी तिला कोपरखैरण्याच्या घरात कधी पाहिली नव्हती. तिने डबा उघडून उभ्याउभ्याच एक फुगा तोंडात टाकला. "मीठ कमी हाय," म्हणाली आणि दुसरा घेतला.

तिच्या आईने मला हाताला धरून आत नेलं, खाली पाटावर बसवलं. तांदळाची गरम भाकरी, सुक्या बोंबलाचं कालवण. "खा गो बाय. किती बारीक झालीस. बँकेत जेवायला येल नाय भेटत का?" म्हणत तिने भाकरीचा तुकडा कालवणात बुडवून माझ्या तोंडाशी धरला. मी खाल्ला. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली, माझ्या नोकरीचं, माझ्या लेकीचं विचारत राहिली.

भावजय शेजारी येऊन बसली. "आई, मला पन वाढ की."

"तू घरचीच. घे ना हातानं," तिची आई म्हणाली. तिने वळूनही बघितलं नाही.

भावजयीने टोपल्यातून भाकरी घेतली. घेताना तिने एकदाच माझ्याकडे बघितलं, माझ्या पाठीवरच्या त्या हाताकडे बघितलं, आणि मान खाली घालून खायला लागली. ते बघणं मी ओळखलं. तिच्याशी काहीतरी चांगलं बोलावं असं मनात आलं.

पण मी तिच्या आईला म्हटलं, "मावशी, अजून एक भाकरी द्या."