‘कल’चा भाव

“डेटा बनाया हुआ है, मैडम,” परीक्षक म्हणाले आणि त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

टोपण लागलं म्हणजे मार्क देणं थांबलं. व्हायव्हाच्या खोलीत वर्षानुवर्षं बसून मला एवढं तरी कळतं. समोर मृण्मयी उभी होती, हातात प्रोजेक्टची बांधीव प्रत. त्या प्रतीच्या पहिल्या पानावर माझी सही होती, की हे काम विद्यार्थिनीने स्वतः केलेलं आहे.

मी जबलपूरच्या एका कॉलेजात क्वांटिटेटिव्ह इकॉनॉमिक्स शिकवते. ॲडमिशनच्या वेळी पालक विचारतात, “मैडम, ये होता क्या है?” मी सांगते, अर्थशास्त्रच, पण आकड्यांनी सिद्ध करायचं. महागाई वाढली असं नुसतं म्हणून चालत नाही. किती, कशामुळे आणि हे तुला कसं कळलं, तेही सांगावं लागतं. त्यासाठी तीन वर्षं गणित, स्टॅटिस्टिक्स, कॉम्प्युटर आणि शेवटी एक प्रोजेक्ट. प्रोजेक्टचा डेटा स्वतः गोळा करायचा, हा आमच्या विभागाचा नियम. आणि डेटा बनावट निघाला तर थेट कॉपी केस, हाही नियमच. वर्ष जातं ते जातंच, पण मार्कशीटला लागलेला डाग कुठल्याही एम.ए.च्या दारात आडवा येतो.

मृण्मयीचे वडील फौजेत. बदली झाली म्हणून हे कुटुंब नाशिकहून इथे आलं. पोरगी हुशार, पण हिंदी अगदी बेतास बात. माझ्याशी मराठीत बोलायला मिळतं म्हणून ती माझ्याच हाताखाली प्रोजेक्टला आली. विषय मी सुचवला होता. आमच्याकडचा मटार नावाजलेला. तो मझौलीकडच्या शेतांतून येतो आणि इथे गढ्याच्या बाजारात विकला जातो. मी तिला म्हटलं होतं, मझौलीचा कालचा भाव गढ्यात आज दिसतो का, तेवढं बघ. याला आम्ही लॅग म्हणतो. कालची गोष्ट आज परिणाम करते, तो मधला उशीर म्हणजे लॅग.

तिने सगळा सीझन काम केलं. कॉलेजहून घरी जाताना गढ्यात उतरून मटारचा भाव विचारायचा, संध्याकाळी मझौलीच्या पटेल नावाच्या व्यापाऱ्याला फोन करून तिथला विचारायचा. मग दोन्हींचं रिग्रेशन. म्हणजे एका आकड्यावरून दुसरा किती ओळखता येतो, ते मोजायचं. किती ओळखता आला, हे आर-स्क्वेअर सांगतो. शून्य म्हणजे काहीच नाही, एक म्हणजे तंतोतंत. बाजारभावाच्या कामात अर्ध्याच्या वर गेला तरी आम्ही खूश.

मृण्मयीचा जवळजवळ एक आला होता.

“भगवान भी इतना साफ़ डेटा नहीं देता,” परीक्षक म्हणाले. ते भोपाळहून आले होते, आवाज एकदम थंड. “मझौली का भाव लिया, उसमें भाड़ा-कमीशन जोड़ा और गढ़ा का भाव लिख दिया. गईं कहाँ आप? घर बैठे बन गया.”

“नहीं सर, मैं रोज... मैं सच में...” तिची हिंदी तिथेच संपली.

आमचे विभागप्रमुख तिवारी सर माझ्याकडे बघत होते. भला माणूस, पण त्या दिवशी त्यांची नजर मला सहन होईना. “चाय ले लेते हैं पहले,” ते म्हणाले. म्हणजे मला तेवढाच वेळ मिळाला.

मी तिला व्हरांड्यात नेलं. सरत्या हिवाळ्याचं ऊन होतं.

“खरं सांग,” मी म्हटलं. “एखादे दिवशी गेली नसशील, अंदाजाने टाकला असशील, तर आताच सांगून टाक. तिथे सांगशील तर काही उरणार नाही.”

“मॅडम, एकही नाही टाकला. आजारी होते तेव्हा रकाना रिकामा ठेवलाय. तुम्ही बघा.”

“मग इतका जुळला कसा?”

“मला काय माहीत? मी रोज पटेल भैयांना फोन करून कालचा भाव विचारायचे. ते सांगायचे, मी लिहायचे.”

“काही लपवून तर नाही राहिली?”

तिने मान हलवली आणि रडायला लागली. खरं सांगायचं तर माझा तिच्यावर पूर्ण विश्वास नव्हता. परीक्षकांचं म्हणणं मलाही पटत होतं. बाजार असा वागत नाही. मीच वर्गात ओरडून सांगते की आकडे फार गोड वाटले तर आधी संशय घ्या, आणि नेमका याच वेळी मी तो घेतला नव्हता. निकाल बघून खूश झाले होते. आता ही खोटं बोलत असेल तर तिचं वर्ष बुडेल, आणि खरं बोलत असेल तरी बुडेल, कारण सिद्ध कसं करणार? मटार बहुतेक शेतातूनच परभारे उचलला जातो, त्याचा कुठे धड हिशेब नसतो.

आत गेलो. परीक्षकांनी कप बाजूला सारला.

“व्यापारी का नंबर है न? लगाइए. स्पीकर पर. जैसे रोज पूछती थीं, वैसे ही पूछिए. और कुछ नहीं बोलना है.”

ती माझ्याकडे बघायला लागली. मी मान डोलावली, दुसरं करणार काय? रिंग जात होती. पटेल भैया म्हणाले असते की कौन बिटिया, कैसा भाव, तर खेळ खलास. मी मनातल्या मनात ग्वारीघाटच्या नर्मदामाईला हात जोडले. स्टॅटिस्टिक्सच्या बाईने असं करू नये, पण केलं.

“हाँ बिटिया, बोलो,” पलीकडून आवाज आला.

निदान ओळखलं तरी.

“भैया, कल का भाव?” मृण्मयीने विचारलं.

माझ्या कानात ते खटकन वाजलं. इतके महिने ती मला मराठीत सांगत आली होती, ‘कालचा भाव विचारला’, आणि मी ऐकत आले होते. तिकडे ती काय शब्द वापरते, हे मी कधी ऐकलंच नव्हतं. हिंदीतला कल मागचाही असतो आणि पुढचाही. कुठला, ते क्रियापदावरून कळतं. मृण्मयी क्रियापद लावतच नव्हती.

पटेल भैया हसले. “अरे, अभी दोपहर में कहाँ से बता दें? शाम को फोन करना, रोज की तरह. गढ़ा का बाज़ार उठेगा, वहाँ का भाव देखेंगे, तब न कल का खोलेंगे!”

फोन ठेवला गेला.

“कल का भाव,” परीक्षक सावकाश म्हणाले, “शाम को पता चलेगा?”

“सर,” मी म्हटलं, “इन्हें आने वाला कल सुनाई दिया. इसने पूछा था बीता हुआ. मराठी में कल नहीं, काल होता है, और काल सिर्फ़ बीता हुआ होता है.”

मग सगळंच उलगडलं. व्यापारी रोज संध्याकाळी गढ्याचा त्या दिवशीचा भाव बघायचा, त्यातून भाडं-कमिशन वजा करायचा आणि शेतकऱ्यांसाठी दुसऱ्या दिवशीचा भाव जाहीर करायचा. मृण्मयी तो आदल्या दिवशीचा म्हणून लिहायची. आकडे जुळणारच होते, कारण एक दुसऱ्यातून वजाबाकी करूनच काढलेला होता. फक्त वजाबाकी तिने नव्हे, पटेल भैयांनी केली होती.

परीक्षकांनी तिला कॉम्प्युटरवर बसवलं आणि रकाना पुढच्या दिवशी सरकवून रिग्रेशन उलटं चालवायला लावलं. तिची बोटं चुकत होती, दोनदा फाइलच बंद झाली. शेवटी उत्तर आलं. आर-स्क्वेअर तोच, एका दशांशाचाही फरक नाही. निष्कर्ष मात्र बरोब्बर उलटा झाला होता. गाव शहराचा भाव ठरवत नव्हतं, शहर गावाचा ठरवत होतं. तिच्या बांधीव प्रतीतलं शेवटचं प्रकरण पानन्‌पान चूक.

“जिसे डेटा बनाना होता है,” परीक्षक तिवारी सरांना म्हणाले, “वो सही दिशा में बनाता है. उल्टा कोई नहीं बनाता.” त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

कॉपी केस टळली. निष्कर्षाचे मार्क मात्र त्यांनी पुरते कापले, शेवटचं प्रकरण नव्याने लिहून आणायला सांगितलं आणि जाता जाता मला म्हणाले, “मैडम, आर-स्क्वेअर को दिशा नहीं मालूम होती. गाइड को मालूम होनी चाहिए.” मृण्मयी काठावर का होईना पास झाली.

आता माझ्या विभागात रकान्याच्या डोक्यावर काल, आज, कल असलं काही लिहायला बंदी आहे, तारीखच लिहायची. पूर्वी एखाद्याचा आर-स्क्वेअर वर गेला की मी त्याच्याकडे पेढे मागायची. आता मी आधी व्यापाऱ्याचा फोन नंबर मागते.