अँब्युलन्सखालच्या चपला

तंजावूरच्या आमच्या स्वयंसेवी अँब्युलन्सचा इतिहास मी लिहितोय. समितीच्या जुन्या फोटोंत अध्यक्ष आहेत, हार आहेत, नारळ आहेत. अँब्युलन्स मात्र एकाही फोटोत नाही, कारण दर समारंभाच्या वेळी ती पेशंट आणायला गेलेली असायची.

ती फुकट चालवणारा माणूस एरवी शिलाईकाम करतो. त्याचं नाव समितीत कोणालाच आठवत नाही. देवळात शिरावं तसा तो चपला खाली काढून गाडीत चढतो आणि अनवाणी चालवतो.

यंदाच्या समारंभात गाडी फोटोत यावी म्हणून अध्यक्षांनी तिची किल्ली आधीच खिशात ठेवली. नेमका तेव्हाच मागच्या गल्लीतून फोन आला, एका आजींच्या छातीत दुखत होतं. तो चपला काढून गाडीत बसला आणि किल्लीसाठी हात पुढे केला.

"पाच मिनिटं थांब, फोटो होऊ दे," अध्यक्ष म्हणाले.

तो उतरला आणि मला म्हणाला, "सार, गाडी फोटोला असू द्या. आजींना मी ऑटोतून नेतो." आणि तसाच अनवाणी धावला.

आजी वाचल्या. फोटोही छान आला. अँब्युलन्स, हार, सगळी समिती आणि दाराखाली त्याच्या चपला. छापताना त्या तेवढ्या कापा, असं अध्यक्ष म्हणाले.

मी कापल्या.